ख्रिस्ती माणसाने श्रद्धेवरच्या वादात कसं वागावं?

तुम्ही विचारलंय की मित्र आणि सहकारी तुमच्या श्रद्धेवर खोचक प्रश्न विचारतात, मंडळीत (चर्चमध्ये) बाप्तिस्म्यावरून आणि अन्य भाषांवरून, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलण्यावरून, खडाजंगी चालते, आणि वर कुणीतरी तुम्हाला बजावलंय की "विश्वासणाऱ्याने वाद घालायचाच नसतो". मग उत्तर द्यावं की गप्प बसावं? मी स्वतः ख्रिस्ती आहे, मंडळीत शास्त्राभ्यासाचा वर्ग घेतो, त्यामुळे हा पेच मला चांगलाच ओळखीचा आहे.

"वाद घालायचाच नसतो" हे बोलायला सोज्वळ वाटतं, पण नवा करार उघडला की टिकत नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15 बघा. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, ख्रिस्ताकडे यायचं तर आधी सुंता करून घ्यायची का, हा प्रश्न होता. यरुशलेमेत सगळे जमले आणि बराच वादविवाद झाला, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सरळ लिहून ठेवतो. पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल यांनी आपल्या डोळ्यांदेखत काय घडलं ते सांगितलं, लोकांनी ऐकून घेतलं, शेवटी याकोबाने मत मांडलं आणि निर्णयाचं पत्र माणसांच्या हाती रवाना झालं. मंडळीपुढच्या त्या पहिल्या मोठ्या मतभेदात कुणी "चला, प्रार्थना करून विषय संपवू" असं म्हणून तोंडं बंद केली नाहीत.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय तर याहून तिखट आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर एका पंगतीत जेवत होता. याकोबाकडची माणसं आल्यावर सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने तो हळूच बाजूला झाला, आणि बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं. मंडळीच्या दोन खांबांमधली ही चकमक पुढच्या पिढ्यांनी पत्रातून गाळली असती तर कुणाला कळलंही नसतं. ती तशीच राहिली. वादाला घाबरणाऱ्या लोकांनी असा दस्तऐवज जपला नसता, असं मला वाटतं.

तेव्हा वाद घालावा की नाही हा प्रश्न माझ्या दृष्टीने निकालात निघाला. कुणाशी, कशावरून आणि कुठवर, ही खरी गोम आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:15 हे वचन अशा वेळी हमखास ऐकवलं जातं: तुमच्यातल्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला नेहमी तयार असा. इथवर अधोरेखित करायचं आणि पुस्तक मिटायचं, अशी आपल्याकडची रीत. पुढे लगेच सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला सांगितलंय, आणि त्याच्या पुढच्या ओळीत आपला विवेक शुद्ध ठेवायला. हे पत्र ज्यांना गेलं ते लोक निंदा आणि छळ सोसत होते. तशा माणसांना पेत्र आवाज चढवू नका म्हणतो. आपल्याला तर बहुतेक वेळा चहा पिता पिता कुणी एखादा टोमणा मारलेला असतो. तेवढ्यावरून "माझा छळ होतोय" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. मतभेद म्हणजे छळ नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो. समजा कुणी म्हणालं, "तुमच्या बायबलमध्ये विसंगती आहेत. यहूदा इस्कर्योत मेला कसा, एवढं तरी धड सांगा." पहिली ऊर्मी येते ती "असं काही नाही, तुम्ही नीट वाचलं नाही" म्हणून झटकायची. ती आवरा. दोन्ही उतारे काढा आणि त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. मत्तय 27 मध्ये यहूदा येशूला धरून देण्याबद्दल मिळालेले रुपये मंदिरात फेकतो, जाऊन गळफास घेतो, आणि त्या पैशातून कुंभाराचं शेत विकत घेतात ते मुख्य याजक. प्रेषितांची कृत्ये 1:18 मध्ये शेत स्वतः यहूदाच मिळवतो आणि तिथे पालथा पडून पोट फुटून मरतो. दोन वृत्तांत वेगळे आहेत हे मान्य करा. "हो, वेगळे आहेत" म्हटल्याने आभाळ कोसळत नाही. मग सांगा की यांचा मेळ घालायचे प्रयत्न फार जुने आहेत: गळफास घेतल्यावर दोर तुटून तो पडला असावा, आणि याजकांनी त्याच्या पैशातून घेतलेलं शेत म्हणून ते त्याच्या नावावर सांगितलं असावं. त्याचबरोबर हेही सांगा की "दोर तुटला" असं दोन्हींपैकी कुठेच लिहिलेलं नाही, तो वाचणाऱ्यांनी लावलेला अंदाज आहे. काही अभ्यासकांना हा मेळ पटतो, तर काहींच्या मते त्या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. तुम्हाला काय पटतं ते शेवटी, आणि कारण देऊन.

असं केल्यावर समोरचा लगेच विश्वास ठेवील असं मुळीच नाही. पण पुढच्या वेळी तुम्ही "हे पक्कं आहे" म्हणाल तेव्हा त्याला काही वजन राहील. अंदाजाला शास्त्राचा शिक्का मारून खपवला की सगळी पत गेली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला तो जन्मांध माणूस मला या बाबतीत फार आवडतो. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, त्याला घेरून विचारतात, हा येशू पापी आहे ना? तो म्हणतो, पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही; एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. जेवढं माहीत तेवढंच बोलला.

आणि मूळ प्रश्नावरच कुणी बोट ठेवलं, पुनरुत्थानावर, तर दुखावून घ्यायचं कारण नाही. पौलाने स्वतःच करिंथकरांना लिहिलंय की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. करिंथच्या मंडळीतलेच काही जण मेलेले उठतच नाहीत असं म्हणत होते. पौलाने त्यांना साक्षीदारांची यादी दिली. एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना तो दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असं तो लिहितो. म्हणजे ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावं. प्रश्नाची जागा पौलानेच आखून दिली आहे. तिथे कुणी प्रश्न केला तर अपमान कसला?

काही प्रश्न मात्र वरून वादासारखे दिसतात आणि आत वेगळंच असतं. "तुमचा देव चांगला आहे तर लेकरं का मरतात?" असं कुणी विचारलं की आधी हळूच चौकशी करा, घरात काही झालंय का. झालं असेल तर स्वतंत्र इच्छा, पतन वगैरे मांडणी जागच्या जागी ठेवा. लेकरं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. बोलायला लागल्यावर बिघडलं. देवाची बाजू सावरत त्यांनी एवढे लांबलचक युक्तिवाद केले, आणि शेवटी देव त्यांच्यातल्या अलीफजाला म्हणतो की ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर देवाशी चक्क भांडत होता! देवाच्या वकिलीची हौस असलेल्या प्रत्येकाने तो बेचाळिसावा अध्याय वाचावा.

याच्या उलट, काही लोकांना उत्तर नकोच असतं. नीतिसूत्रे 26 मध्ये चौथं वचन सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि पाचवं सांगतं, दे. दोन्ही लागोपाठ, जाणूनबुजून. कुठे कुठलं लागू करायचं हे ठरवायचं काम तुमच्यावर सोडलंय. मंदिरात मुख्य याजकांनी येशूला विचारलं, "हे तू कोणत्या अधिकाराने करतोस?" त्याने उलट विचारलं, योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की माणसांपासून? कुठलंही उत्तर दिलं तरी आपण अडकू, हे पाहून त्यांनी "आम्हाला ठाऊक नाही" म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, मग मीही तुम्हाला सांगत नाही. विचारणारा स्वतः प्रामाणिकपणे उत्तर द्यायला तयार आहे का, याची ही साधी परीक्षा आहे. "काय कळलं तर तुमचं मत बदलेल?" असं मी विचारतो. "काहीही कळलं तरी नाही" असं उत्तर आलं तर हवापाण्याच्या गप्पा माराव्यात. हाच प्रश्न स्वतःलाही विचारावा लागतो, तो भाग जरा अवघड.

मंडळीतल्या वादांकडे येतो, कारण ख्रिस्ती माणूस सगळ्यात खालच्या थराला जातो तो दुसऱ्या ख्रिस्ती माणसाशी भांडताना. प्रत्येक मुद्दा एकाच वजनाचा नसतो. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून भांडणाऱ्यांना पौल सांगतो की ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि भावाला तुच्छ लेखू नये. तोच पौल गलतीकरांना सुवार्तेच्या गाभ्यावरून लिहिताना कुणाची भीड ठेवत नाही. लहान मुलांचा बाप्तिस्मा, अन्य भाषा, प्रभुभोजनाचा अर्थ हे गंभीर विषय आहेत. पण ख्रिस्त उठला की नाही, याच्या बरोबरीचे नाहीत. माझं हे मत सर्व परंपरांना मान्य होणार नाही, याची कल्पना आहे.

1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही बरंचसं जुळलं, फक्त भाकरी आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त प्रत्यक्ष हजर असतं का, यावर गाडी अडली. त्या कलमातच लिहिलंय की यावर मत जुळलं नाही तरी विवेक परवानगी देईल तितपत एकमेकांशी ख्रिस्ती प्रीतीने वागावं. प्रत्यक्षात वाटा फुटल्या त्या फुटल्याच. युरोपातल्या लूथरन आणि (झ्विंग्लीच्या बाजूच्या) रिफॉर्म्ड मंडळ्यांनी प्रभुभोजनात एकमेकांना पूर्ण सामील करून घेण्याचा लॉयेनबेर्ग करार केला तो 1973 मध्ये. "प्रीतीने वागावं" ही ओळ लिहून ठेवली तरी अंमलात यायला किती काळ जातो, हे त्यावरून दिसतं.

ऑगस्टीन आणि जेरोम या प्राचीन मंडळीतल्या दोन थोर धर्मपंडितांचं भांडण त्याहून बोलकं आहे, आणि गंमत म्हणजे ते पौल-पेत्राच्या त्या अंत्युखियातल्या भांडणावरूनच झालं. जेरोमचं म्हणणं, ते भांडण लोकांच्या भल्यासाठी ठरवून केलेलं होतं. ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतून लिहिलं की शास्त्रात असा सोयीचा खोटेपणा मानला तर मग कशावरच भरवसा उरणार नाही. मुद्दा बिनतोड होता. पण पत्र बेथलेहेमला जेरोमच्या हाती पडण्याआधी त्याच्या नकला इटलीत फिरल्या. म्हाताऱ्या जेरोमला वाटलं, हा पोरगा माझ्यावर चढून नाव कमावतोय. कित्येक वर्षं मुद्दा बाजूला आणि मानापमान पुढे, असा कारभार चालला. ऑगस्टीनने मन दुखावल्याबद्दल क्षमा मागितली, पण मत सोडलं नाही; पुढे दोघे पुन्हा एका बाजूने लिहू लागले. तेव्हा पाळकांचा उपदेश पटला नाही तर सर्वांना कळण्याआधी तो त्यांना कळू द्या. मत्तय 18 चा क्रमही तसाच आहे: आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. पौलाने पेत्राला चारचौघांत सुनावलं ते खरं, पण पेत्राचं वागणंही चारचौघांतच होतं आणि त्याची झळ इतरांना बसत होती.

दोन वाक्यं मी वर्गात बोलू देत नाही. एक, "पवित्र आत्म्याने मला हे दाखवलंय". दाखवलं असेल, पण त्यावर समोरच्याने काय बोलायचं? दुसरं, वाद हरत आलो की गोड आवाजात म्हटलेलं "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन". प्रार्थना जरूर करावी, घरी जाऊन, न सांगता.

चर्चच्या इतिहासातले गुन्हे कुणी काढले तर "पण" न लावता ऐका. 1553 मध्ये जिनिव्हात मिगेल सेर्वेट या स्पॅनिश विद्वानाला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारल्याबद्दल आणि बालबाप्तिस्म्याविरुद्ध लिहिल्याबद्दल जिवंत जाळलं. त्याची मतं मला चुकीची वाटतात, म्हणून ते जाळणं तसूभरही कमी वाईट ठरत नाही. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही तेव्हा याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते, आणि येशूने त्या दोघांनाच दटावलं.

थांबायचं कधी? आपला सहकारी तीत याला लिहिताना पौल म्हणतो की फूट पाडणाऱ्याला एकदा, दोनदा समज द्यावी आणि मग त्याच्या नादी लागू नये. अथेन्सला अरीयपग नावाच्या सभेपुढे तो तिथल्या लोकांच्याच कवींची ओळ घेऊन बोलला. काहींनी टर उडवली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि दियनुस्य, दामारी यांच्यासारख्या थोड्यांनी विश्वास ठेवला. टर उडवणाऱ्यांना गाठायला पौल मागे थांबला नाही, सरळ करिंथला गेला. तुमच्या सहकाऱ्यांपैकी "पुन्हा कधीतरी ऐकू" म्हणणारा कोण आहे ते बघा आणि वेळ त्याला द्या. बाप्तिस्म्याच्या वादाचं म्हणाल तर आधी दुसऱ्या बाजूचं म्हणणं त्यांच्यासमोर तुमच्या शब्दांत मांडून दाखवा. "हो, आम्हाला हेच म्हणायचंय" असं ते म्हणाले की मग आपलं सुरू करा.