कंसातली ओळ

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा चौथीत, कन्नड माध्यमात. मराठी गोष्टींची पुस्तकं आणली तरी हात लावत नाही. रोज जेवणाआधी त्या एक पान मोठ्यानं वाचून घेतात, त्यात रडारड. कोल्हापूरचा भाचा मात्र जाडजूड पुस्तकं फस्त करतो. ‘याला वाचनाची गोडी कशी लावू?’

ताई,

पत्रात एक ओळ तुम्ही कंसात टाकलीय: ‘बेळगावला जाताना बसच्या, दुकानांच्या कन्नड पाट्या तेवढ्या धडाधड वाचतो.’ अहो, हीच तर बातमी! कुणी न सांगता दिसेल ते वाचणारं पोर, आणि तुम्ही त्याची तक्रार करताय?

देवनागरीशी त्याची शाळेत गाठच पडलेली नाही. तो अडतो कुठे ते जरा बघा. ‘किती’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी, उच्चार मात्र नंतर, कन्नडमध्ये ती अक्षराच्या डोक्यावरच वळते. तिकडे जोडाक्षरात पहिलं अक्षर अख्खं आणि दुसरं त्याच्या पायाशी, इकडे पहिलंच अर्धं. अनुस्वार तिकडे शेजारी शून्यासारखा, इकडे डोक्यावर टिंब. रफाराची तीच गत. ‘सूर्य’ लागेपर्यंत वाक्याची सुरुवात विसरलेली असते, मग गोष्टीत मजा कसली येणार? त्यात तुम्ही शब्दाशब्दाला टोकणार, वर भाच्याचं नाव.

दोन महिने त्याच्याकडून मराठी वाचून घेणं बंद. पूर्ण बंद. मराठी तुम्ही वाचायची, कन्नड त्यानं. मराठी बुडेल ही भीती सोडा; घरात दिवसभर तीच बोलता ना?

स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर एकच गोष्ट बऱ्याचदा कन्नडमध्येही मिळते, मराठीतही, फुकट. सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्या 1 ते 4. चौथीत आहे म्हणून चौथी पायरी नको, दुसरीपासून धरा. एका पानावर पाचाहून जास्त शब्द अडले तर खाली उतरा. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं, आधी नको, भुकेलं पोर कशाला वाचेल? त्यानं कन्नड वाचावं, मग तीच गोष्ट तुम्ही मराठीत, शब्दाखाली बोट फिरवत. गोष्ट आधीच ठाऊक असली की अनोळखी अक्षर अंदाजानं लागतं. तो अडला तर मनात पाच आकडे मोजा, शब्द सांगा, पुढे चला. (तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर उत्तम, त्यालाच विचारा.) ‘अर्थ सांग’, ‘काय शिकलास’ हे प्रश्न नकोत.

कधीतरी तो तुमच्या पानातला शब्द तुमच्याआधी म्हणेल. लगेच अख्खं पान त्याच्या गळ्यात मारू नका. गोष्टीतल्या वाघाचं बोलणं तेवढं त्याला द्या, बाकी तुमच्याकडे ठेवा.

ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात मुलांना सभासदत्व मोफत आहे. या शनिवारी घेऊन जा, पुस्तक त्यालाच निवडू द्या, कन्नड निवडलं तरी. अर्ध्यावर टाकलं तर बदलून आणा.