‘अपघाताची नोंद नाही’ म्हणजे रस्ता सुरक्षित?

दुर्लक्षित वस्त्यांमध्ये पायी आणि सायकलवरून ये-जा करणाऱ्यांविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या वस्तीला लागून मोठा रस्ता आहे. तो ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. पण अर्ज केला की उत्तर येते, ‘या ठिकाणी अपघातांची नोंद नाही, म्हणून कामांच्या यादीत बसत नाही.’ यावर काय करावे?

नोंद नसण्याची दोन कारणे असतात. पहिले सगळ्यांना ठाऊक आहे. सायकलवरून पडून गुडघा फुटलेला माणूस पोलिसांकडे जात नाही. दिवसाची मजुरी बुडते, कागदपत्रांची धास्ती असते आणि धडक देणारा तोवर पसार झालेला असतो.

दुसरे कारण कोणत्याही नकाशावर उमटत नाही. रस्त्याची भीती इतकी बसते की लोक तो ओलांडायचेच सोडून देतात. म्हातारी माणसे घरात बसतात. समोर दिसणाऱ्या दवाखान्यात जायला लोक एका थांब्यासाठी बस पकडतात. मग अपघात शून्य, कारण तिथे पायी माणूसच शून्य! असा रस्ता यादीत सगळ्यात वर असायला हवा.

म्हणून आकडे तुम्हीच गोळा करा. एक दिवस वस्तीतल्या पाच-सात जणांनी मिळून रस्ता चालून बघायचा. त्यात एक वयस्कर माणूस हवा, बाळाची गाडी ढकलणारी आई हवी, आणि चाकाची खुर्ची वापरणारे किंवा कमी दिसणारे कुणी असेल तर फारच चांगले. फूटपाथ कुठे संपतो, कुठे खांब आडवा येतो, कुठे उतरावे लागते, ते फोटोसह टिपा. थोडक्यात वाचलेले प्रसंगही लिहा. ही पाहणी किमान दोनदा करा, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा अंधार पडल्यावर. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका रस्त्याची पाहणी भर दुपारी केली होती आणि ‘वर्दळ नगण्य’ असे लिहून मोकळा झालो होतो. शाळा सुटायला आणि कामाची पाळी संपायला तेव्हा दोन तास अवकाश होता.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला 50 मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करा आणि मोबाइलमधले घड्याळ लावा. गाडीने हे अंतर 6 सेकंदांत कापले तर तिचा वेग ताशी 30 किलोमीटर, 3.6 सेकंदांत कापले तर 50. शंभर गाड्या मोजा आणि तक्ता अर्जाला जोडा. ‘गाड्या फार जोरात जातात’ या वाक्याला फाइलमध्ये उत्तर नसते. ‘शंभरातल्या इतक्या गाड्या 50च्या वर’ याला काहीतरी उत्तर द्यावेच लागते.

प्रश्न : शाळेसमोर ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावला, पण फरक काहीच पडला नाही. दुसरे काय मागावे?

फलक बघून कुणी वेग कमी करत नाही. रस्ता अरुंद वाटला, वळण आवळले गेले, चाकाखाली उंचवटा आला, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. आणि सगळा खेळ वेगाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने 1992 मध्येच, मुख्य रस्ते वगळून, सगळीकडे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा लावली.

माझी पहिली मागणी असेल फूटपाथच्या पातळीपर्यंत उचललेल्या क्रॉसिंगची. तेच गतिरोधकाचेही काम करते आणि पोरांना खाली उतरावे लागत नाही. दुसरी, चौकातला फूटपाथचा कोपरा रस्त्यात पुढे काढण्याची. ओलांडायचे अंतर कमी होते, गाडीला वळताना हळू व्हावेच लागते. तिसरी सगळ्यात स्वस्त आहे. क्रॉसिंगच्या अलीकडे दोन-तीन गाड्यांच्या जागेत पार्किंग बंद करायचे, म्हणजे उभ्या गाडीआडून अचानक बाहेर येणारे मूल चालकाला आधीच दिसते. अमेरिकेतल्या होबोकेन या छोट्या, दाट वस्तीच्या शहराने कोपरे असे मोकळे करण्यावर भर दिला. जानेवारी 2017 नंतर सलग सात वर्षे तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी बाकीही बरेच केले, पण मोकळ्या कोपऱ्यांचा वाटा मोठा मानला जातो.

सिग्नल असेल तर त्याचे सेकंदही मोजा. आखणी करताना साधारणपणे चालणारा सेकंदाला 1.2 मीटर जातो असे धरतात. 14 मीटर रुंद रस्त्याला त्याला 12 सेकंद लागतील. काठी टेकत जाणारी आजी सेकंदाला 0.8 मीटर चालते. तिला साडेसतरा लागतील. म्हणजे वेळ 12 सेकंदांचाच असेल तर ती रस्त्यात असतानाच दिवा लाल होतो. वेळ वाढवून मिळत नसेल तर मधोमध थांबायला सुरक्षित ओटा मागा.

प्रश्न : आमच्याकडे सायकल मार्ग येणार आहे. लोकांना वाटते, हा आपल्यासाठी नाही, यानंतर भाडी वाढतील आणि आपल्यालाच उठावे लागेल. ही भीती खरी की उगाच?

ती उगाच नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात 2011च्या सुमारास विल्यम्स अ‍ॅव्हेन्यूवरचा सायकल मार्ग रुंद करण्याची योजना आली, तेव्हा तिथल्या जुन्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी विचारले, ‘आम्ही इतकी वर्षे सुरक्षित रस्ता मागत होतो तेव्हा कुठे होता?’ प्रश्न सायकलचा नव्हता, नव्या, सधन लोकांच्या मागोमाग सुविधा येण्याचा होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्याच ओकलंडचे. 2020च्या एप्रिलमध्ये, साथीच्या काळात, त्या शहराने अनेक गल्ल्या गाड्यांसाठी जवळपास बंद करून चालण्या-सायकलीसाठी मोकळ्या केल्या. सधन भागांत कौतुक झाले. पूर्वेकडच्या गरीब वस्त्यांत थंड प्रतिसाद. तिथल्या लोकांना फेरफटका मारायचा नव्हता, कामावर आणि किराणा दुकानात जिवंत पोचायचे होते. शहराने ऐकले, आणि पुढच्याच महिन्यात दुकाने-दवाखान्यांसमोरची क्रॉसिंग सुरक्षित करण्याचे काम सुरू केले. आधी विचारले असते तर महिना वाचला असता.

तरीही ‘आमच्याकडे कुणी सायकल चालवत नाही’ हे वाक्य ऐकले की मी थबकतो. पहाटे साडेपाचला रस्त्यावर उभे राहा. रात्रपाळी संपवून परतणारे, घरोघरी सामान पोचवणारे, बसचे पैसे वाचवणारे तुम्हाला दिसतील. त्यांना कुणी ‘सायकलपटू’ म्हणत नाही, इतकेच. मार्ग त्यांच्या वाटेवर, सलग आणि वाहनांपासून वेगळा असेल तर पाठिंबा द्या. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने तुकडे न पाडता चार-पाच वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे जोडलेले जाळे उभारले, तेव्हाच सायकलींची संख्या झपाट्याने वाढली. चौकाआधीच संपणारा अर्धा किलोमीटरचा रंगीत पट्टा मिळत असेल तर खुशाल नकार द्या. भाड्याचा प्रश्न मात्र रस्त्याच्या आराखड्यात सुटणार नाही. भाडेकरूंच्या संरक्षणाची मागणी त्याच बैठकीत, त्याच दिवशी मांडा.

प्रश्न : पोलिस उभे करून दंड ठोकला तर नाही का भागणार?

पोलिस गेला की वेग परत येतो. शिवाय क्रॉसिंग नसलेल्या ठिकाणी रस्ता ओलांडला म्हणून दंड होतो तो बहुधा पायी चालणाऱ्या गरिबालाच. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2023 पासून, तातडीचा धोका नसेल तर, असा दंड करणेच थांबवले.

प्रश्न : मी पालिकेत अभियंता आहे. वस्तीत सभा ठेवली की चारच लोक येतात आणि तेही तेच ते. काय चुकते?

संध्याकाळी सहाला, तुमच्या कार्यालयात, तासाभराचे सादरीकरण असेल तर मीही येणार नाही. बसथांब्यावर, शाळा सुटताना गेटजवळ, पाळी बदलते तिथे जा. मोठा नकाशा पसरा आणि एकच प्रश्न विचारा, ‘कुठे भीती वाटते?’ लहान मुलांच्या हाती खडू द्या. त्यांच्या रेघा आपल्या रेखाटनांपेक्षा खऱ्या असतात.

मग रंग, शंकू आणि कुंड्या वापरून आठवडाभर बदल करून दाखवा. आधीचा आणि नंतरचा वेग मोजून लोकांसमोर ठेवा. पण एक सांगतो, रागावू नका. सधन भागात पक्के काँक्रीट आणि गरीब वस्तीत ‘प्रयोग’ म्हणून फिकट होत जाणारा रंग, हे मी फार ठिकाणी पाहिले आहे. पक्क्या कामाची तारीख आणि निधी कागदावर असल्याशिवाय शंकू ठेवू नका.

प्रश्न : निधी थोडा आहे. आधी दिवे की आधी फूटपाथ?

लोक रात्रीही ओलांडत असतील तर क्रॉसिंगवरचे दिवे आधी. फक्त खांब क्रॉसिंगच्या बरोबर डोक्यावर नको, गाडी येते त्या बाजूला थोडा अलीकडे हवा. डोक्यावरचा दिवा माणसाची काळी आकृती करतो. अलीकडचा दिवा त्याच्या चालकाकडच्या अंगावर पडतो.