सरकारी वसतिगृहाला, कॅन्टीनला माल देताना

तेच ते प्रश्न पुन्हा येत आहेत, म्हणून उत्तरे एकत्र देतो.

काटोलचा बचत गट : उद्यम नोंदणीसाठी एजंट दोन हजार मागतो. द्यावेत का?

एक रुपयाही नाही. लहान उद्योगांची ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. नूतनीकरणाच्या नावाने पैसे मागणारेही फसवतात. या नोंदणीला नूतनीकरण नसते.

उमरेड : जवसाची चटणी घरीच करतो. फूड लायसन्स लागेल?

लागेल. नोंदणी की परवाना, ते उलाढालीवर ठरते. अन्न व औषध प्रशासनात विचारा.

कळमना : सरकार २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडूनच करते म्हणे. मग ऑर्डर पक्की ना?

‘म्हणे’वर धंदा करू नका. २५ टक्क्यांचा तो २०१२ चा आदेश केंद्राची मंत्रालये आणि सरकारी कंपन्यांसाठी आहे. आपल्याकडे वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स, केंद्राची कोळसा कंपनी) त्यात येते. २५ टक्के हे त्यांच्या वर्षभराच्या एकूण खरेदीचे उद्दिष्ट आहे, तुमच्या निविदेची हमी नव्हे. तुमचा दर सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल आणि तुम्ही त्या कमी दरावर उतरायला तयार असाल, तर काही वाटा मिळू शकतो. मंडीतून घेऊन तसाच पुढे विकणाऱ्याला हा लाभ नाही. जिल्हा परिषद, महापालिकेचे नियम वेगळे; निविदा पूर्ण वाचा.

हिंगणा : वसतिगृहाला ज्वारीचे पीठ दिले. चार महिने झाले, ‘बिल वर गेले आहे’ एवढेच ऐकतो. तक्रार केली तर पुढचे काम जाईल का?

या भीतीपायी लहान गिरण्या बसतात, म्हणून सविस्तर सांगतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. मालाबद्दल तक्रार असेल तर ती त्यांनी माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी द्यायची असते. नाही दिली, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागते, तेही महिन्याला चक्रवाढ. पण हे सारे चलनावर, म्हणजे माल पोचवल्याच्या पावतीवर टिकते. प्रत्येक फेरीला चलनावर तारीख, वजन, सही, शिक्का घ्या. ‘उद्या देतो साहेब’ ऐकून गाडी परत आणू नका. उद्यम नोंदणीही कराराआधीची हवी, नंतर केली तर वाद होतो. पुढचे काम जाईल की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. पण गेलेल्या मालाचे पैसे मागणे हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. आधी लेखी स्मरणपत्र द्या, मग एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवरून सुकरता परिषदेकडे (थकलेल्या पैशांचे वाद ऐकणारी सरकारी परिषद) अर्ज करा. त्याआधी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा उद्योग केंद्रात आणि वकिलाला कागद दाखवा. आणखी चार महिने थांबू नका.

कामठी : करारानंतर तूर महागली. डाळीचा दर वाढवून मिळेल?

करारात दरवाढीचे कलम असेल तरच. पुरवठा थांबवण्याआधी करार वकिलाकडून वाचून घ्या. अनामत जप्त होऊ शकते.