कार्ड निवडण्याआधी एसएमपीएसवरचे लेबल वाचा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि २०२२ च्या डिसेंबरमधले माझे दिवस डोळ्यांसमोर आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटबरोबर आलेला ‘५०० वॅट’चा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आहे. दोन महिन्यांपासून गेम रंगात आला की पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. कार्ड जुने झाले असावे असे समजून आरटीएक्स ५०६० घ्यावे की आरएक्स ९०६० एक्सटी, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता लिहिले आहे की पॉवरची पिन नसेल तर अडॅप्टर देतो, असे दुकानदार म्हणाला. मी त्या शेवटच्या वाक्यावर अडकलो, कारण त्याच अडॅप्टरने माझे कार्ड घालवले.

मी अभियंता नाही आणि या वस्तूंचा धंदाही करत नाही. जे लिहितो ते स्वतःच्या नुकसानीतून शिकलेले आहे. माझा संगणक २०१९ सालचा. त्यात जीटीएक्स १०५० टीआय होते, जे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालत असे, त्यामुळे एसएमपीएसकडे बघण्याची वेळ कधी आली नव्हती. डिसेंबरात तीस हजारांच्या आसपास मोजून मी आरटीएक्स ३०६० घेतले. ते १७० वॅटचे कार्ड असून त्याला आठ पिनांची वेगळी जोडणी लागते. माझ्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. दुकानातून दोन मोलेक्स जोडण्यांपासून (मोलेक्स म्हणजे जुन्या पद्धतीची चार पिनांची वीजजोडणी) आठ पिनांची जोडणी करणारा अडॅप्टर मिळाला, तो लावला, कार्ड सुरू झाले आणि मी निश्चिंत झालो.

तीन आठवडे सगळे ठीक चालले. मग तुम्ही वर्णन केले आहे तसेच सुरू झाले: आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. विंडोजच्या नोंदीत प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसे. त्या नोंदीचा अर्थ संगणक नीट बंद न होता थांबला एवढाच असतो, तो का थांबला हे तिच्यात नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी ड्रायव्हर मुळापासून काढून पुन्हा टाकले, विंडोज दोनदा नव्याने घातले, रॅमच्या पट्ट्या अदलून बदलून पाहिल्या. फेब्रुवारीत एका रात्री पडदा काळा झाला तो परत आलाच नाही. मोबाइलच्या उजेडात कॅबिनेटची बाजू उघडली, तर एका मोलेक्सच्या पांढऱ्या प्लास्टिकला पिवळ्या वायरीभोवती तपकिरी कडे पडले होते, आतली पिन काळी झाली होती आणि वायरीचे आवरण पिनेपासून बोटाच्या पेराएवढे मागे वितळत गेले होते. नंतर एसएमपीएस बाहेर काढून लेबल पहिल्यांदा वाचले. वर मोठ्या ठळक अक्षरांत ५०० वॅट होते आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपियर.

सगळा हिशेब या दोन आकड्यांत आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाटांचे वॅट त्यात मिळवून लेबलवर मोठा आकडा छापता येतो, पण तो आपल्या उपयोगाचा नसतो. माझे कार्ड एकटे १७० चे, त्यावर प्रोसेसर ६५ चा, शिवाय गेममध्ये कार्ड क्षणभर आपल्या ठरलेल्या मर्यादेच्या वरही उसळी घेते. त्यात अडॅप्टरचा दोष वेगळाच. आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट, म्हणजे साडेबारा अँपियर वाहू शकतात, आणि एका मोलेक्स जोडणीत १२ व्होल्टची पिवळी तार एकच असते. दोन मोलेक्स जोडले म्हणून भार वाटला जातो असेही नाही, कारण स्वस्त एसएमपीएसमध्ये दोन्ही मोलेक्स बहुधा एकाच वायरीवर गुंफलेले असतात.

तेव्हा तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा आहे, आणि तो अंदाजच समजावा. जीटीएक्स १६५० हे फक्त ७५ वॅटचे कार्ड आहे. इतके कमी खाणारे कार्ड असताना यंत्र बंद पडत असेल तर मी कार्डाच्या वयावर नव्हे, एसएमपीएसवर संशय घेईन. प्रोसेसर तापणे किंवा रॅमची एक्सएमपी मांडणी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) अस्थिर असणे हीही कारणे असू शकतात. पैसे खर्च न करता पडताळता येईल: आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट शक्य तेवढी खाली आणा, गेमचे फ्रेम सेकंदाला ३० वर बांधा आणि दोन दिवस खेळा. त्याने पुन्हा सुरू होणे थांबले, तर विजेच्या पुरवठ्यावरचा संशय बळावतो. थांबले नाही तर प्रोसेसरचे तापमान पाहा आणि एक्सएमपी बंद करून बघा.

माझी गोष्ट एसएमपीएसवर संपली असती तर मी इतके लिहिले नसते. कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी होती. पणजीतील एका सर्व्हिस सेंटरमध्ये ते दिले, तेव्हा साधी पोच मिळाली, तिच्यावर कार्डाच्या स्थितीबद्दल एक अक्षर नव्हते. पाच आठवड्यांत माझ्या गावाहून, मांद्र्याहून, चार वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी पुढच्या सोमवारी या, असे ऐकून परतलो. शेवटी कार्ड परत हातात दिले आणि तोंडी सांगितले की गंज आहे, वॉरंटीत बसत नाही. गंज म्हणजे मागच्या धातूच्या पट्टीवर मोहरीएवढे चार ठिपके आणि एचडीएमआयच्या तोंडाशी किंचित हिरवट थर. जळलेल्या जोडणीमुळे नाकारले असते तर मी मुकाट्याने मान्य केले असते, ती चूक माझीच होती. त्यांनी मात्र जोडणीचा उल्लेखही केला नाही. कारण लेखी मागितले, दिले नाही. तपासणीचा फोटो मागितला, तोही नाही. समुद्राकाठच्या गावात काळजी न घेतलेली धातूची पट्टी लवकरच ठिपके धरते. तेवढ्यावर वॉरंटी नाकारायची असेल तर पेडण्यापासून काणकोणापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाच वॉरंटी नाही, हे विकतानाच सांगायला हवे. हा राग अजून गेलेला नाही.

तक्रार करण्याचा विचार केला तेव्हा माझ्याच कागदांत खोट निघाली. बिलावर ‘ग्राफिक कार्ड, १ नग’ एवढेच हाताने लिहिले होते, सीरियल नंबर नव्हता. म्हणून तुम्ही जे घ्याल त्याचे जीएसटीचे पक्के बिल सीरियल नंबरसह घ्या, खोके उघडताना पट्टी, पोर्ट आणि सोनेरी कडा यांचे फोटो काढा, आणि दुरुस्तीला देताना पोचेवर ‘गंज नाही’ किंवा जे असेल ते लिहून सही घ्या. हे तुम्हाला अतिरेकी वाटेल; मला आता वाटत नाही. वेळ आलीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोग उत्तर गोव्यासाठी पर्वरीला आणि दक्षिण गोव्यासाठी मडगावला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. मी वकील नाही, तेव्हा तपशील तिथेच विचारून घ्यावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्या बी४५० बोर्डाचा स्लॉट तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईचा, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटेचा, आहे. आरटीएक्स ५०६० त्या वाटेच्या फक्त आठ लेन (मार्गिका) वापरते, म्हणजे तुमच्या बोर्डावर त्याला सेकंदाला साधारण ८ जीबीची वाट मिळेल. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनचे असल्यामुळे तिथे ती १६ जीबीची होते. कार्डाची मेमरी पुरते तोवर हा फरक फारसा जाणवत नाही. ती भरली की माहिती याच वाटेने रॅममधून आणावी लागते आणि गेम अडखळू लागतो. आरएक्स ६५०० एक्सटी या चार लेनच्या आणि ४ जीबीच्या कार्डाचे जुन्या बोर्डांवर नेमके हेच झाले होते. आरटीएक्स ५०६० ला मेमरी ८ जीबीच आहे. त्यामुळे तुमच्या जागी मी १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी घेईन. ते १६० वॅटचे आहे. त्याच नावाने ८ जीबीचेही मिळते, तेव्हा खोक्यावरचा आकडा नीट पाहून घ्या. त्रिमिती चित्रांच्या ब्लेंडरसारखे, क्यूडावर (एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणाऱ्या तंत्रावर) चालणारे काम करत असाल तर माझे मत बदलेल आणि १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय परवडते का ते पाहा, असे सांगेन. इंटेलचे आर्क बी५८० स्वस्त दिसेल, पण ३६०० सारख्या जुन्या प्रोसेसरबरोबर ते आपली पूर्ण ताकद देत नाही.

तुमचा प्रोसेसरही काही गेममध्ये नव्या कार्डाला अडवेल. ते कार्ड आल्यावर कळेल: रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर अडथळा प्रोसेसरचा आहे. बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो, तेव्हा त्याची घाई नको.

खर्चाचा क्रम मात्र मी उलटा ठेवेन. आधी नावाजलेल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (हे कमी वीज वाया घालवण्याचे प्रमाणपत्र), आठ पिनांची मूळ वायर असलेला आणि १२ व्होल्टवर किमान ४० अँपियर देणारा एसएमपीएस घ्या. तो बसवून जुन्या १६५० वरच पंधरा दिवस खेळा. त्यासाठी कार्डाचे बजेट कमी करावे लागले तरी चालेल. कदाचित तुमचे बंद पडणे त्यानेच थांबेल आणि नवे कार्ड तुम्हाला चवथीपर्यंत सावकाश निवडता येईल.

घरी ६०० व्हीए (व्होल्ट-अँपियर) क्षमतेचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. नव्या कार्डासह संगणक आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर जातील, आणि पावसात झाड पडून वीज गेली की नेमक्या त्या क्षणी तो हात टेकेल. १००० व्हीएच्या वरचा घ्या. पावसाळ्यात संगणक खिडकीजवळ ठेवू नका आणि खेळायचा नसला तरी रोज अर्धा तास चालू ठेवा. आतल्या उबेने दमट हवा बसत नाही. मी आता तसेच करतो आणि सध्याच्या कार्डाची पट्टी दोन पावसाळ्यांनंतर स्वच्छ आहे.

आज जमल्यास कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसच्या लेबलचा फोटो इथे टाका. १२ व्होल्टसमोरचा आकडा दिसला की पुढचे मी नक्की सांगू शकेन. तोवर तो अडॅप्टर विकत घेऊ नका.