डिझाईन घे, छपाई घेऊ नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. पाचोऱ्याहून जळगावला रोज अपडाउन, दिवसभर प्रेसमध्ये डीटीपीची (संगणकावरच्या मांडणी-अक्षरजुळणीची) खुर्ची, आणि आता घरी स्वतःची डिझाईनची कामं घ्यावीत असं तुझ्या मनात आहे. नात्यातल्या एका दालमिलवाल्यांनी तूरडाळीच्या पाऊचसाठी विचारलंही आहे. घेऊ का, आणि प्रेसच्या शेठला सांगू का, हे तुझे दोन प्रश्न.

काम जरूर घे, आणि शेठला सांगूनच घे. पण डिझाईनचं काम घे, छपाईचं घेऊ नकोस. ही एक गोष्ट सांभाळलीस तर बाकीच्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत.

आपल्याकडे गिऱ्हाईक प्रेसमध्ये येतं ते छापायला. हजार पत्रिकांचा भाव ठरतो, आणि मांडणी, अक्षरजुळणी, चौथ्यांदा बदललेला मामांच्या नावांचा क्रम, हे सगळं त्या भावात बसतं. वेगळे पैसे मागितले की धुळ्याकडचा माणूस सरळ विचारतो, ‘याना बी पैसा लागतस का?’ त्याला दोष देऊ नकोस. प्रेसला पैसा कागदात आणि छपाईत सुटतो, म्हणून डिझाईन फुकट देणं परवडतं, आणि वर्षानुवर्षं प्रेसवाल्यांनीच ही सवय लावली आहे.

तुझ्यासारखी मुलं बाहेरची कामं घेतात तेव्हा इथेच घसरतात. डिझाईनचे पैसे मागायची भीड वाटते, म्हणून ते नावापुरते लावतात आणि दुसऱ्या प्रेसमधून छापून घेऊन मधला फरक ठेवतात. पैसे लवकर दिसतात, पण त्या दिवसापासून तू तुझ्याच शेठची स्पर्धक होतेस. कागदाचा भाव, प्लेटचा खर्च, बाईंडर कोण, हे सगळं तुला त्याच्याकडे बसून कळलेलं असतं. आणि हे लपतही नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान प्रेसकडे स्वतःचं सीटीपी, म्हणजे संगणकावरून छपाईची प्लेट काढणारं यंत्र, नाही. प्लेटा बाहेरून येतात, एकाच प्लेटवाल्याकडे पाच-पंचवीस प्रेसच्या फाइली जातात, लॅमिनेशनवाला आणि बाईंडरही तेच. तुझी फाईल तिथे पोचली की बातमी शेठपर्यंत जाणारच.

त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. छपाईतून कमावत राहिलीस तर तुझ्या डिझाईनची किंमत कधीच उभी राहणार नाही. दहा वर्षांनीही तू ‘स्वस्तात छापून देणारी’ राहशील. मला तुझ्यासाठी ते नको आहे.

म्हणून शेठकडे जा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांग: तुमच्या कोणत्याही गिऱ्हाइकाचं काम मी बाहेर घेणार नाही, छपाई घेणार नाही, आणि प्रेसच्या वेळेत बाहेरच्या कामाचा फोनही उचलणार नाही. नेमणूकपत्र मिळालं असेल तर आधी ते नीट वाच, दुसरं काम करायला मनाई आहे का ते बघ. लहान प्रेसमध्ये असं पत्र बहुधा नसतंच, म्हणून तोंडी बोलणं अधिकच महत्त्वाचं. तुझ्या गिऱ्हाइकाला छपाई हवी असेल तर त्याला शेठकडे पाठव आणि त्यांचं काम त्यांना करू दे. शेठ नाही म्हणाले तर लपून करू नकोस. नोकरी की बाहेरची कामं, हा निर्णय मग सरळ घ्यावा लागेल, आणि आत्ताच्या घडीला मी नोकरी निवडायला सांगेन. छपाई तू अजून शिकते आहेस आणि ती शिकण्याची यापेक्षा चांगली जागा नाही.

प्रेसचा संगणक, फॉन्टचं डोंगल (फॉन्ट चालवायची परवान्याची यूएसबी किल्ली), कटिंगचे उरलेले कागद, काहीच घरी आणू नकोस. घरी क्रॅक केलेलं, म्हणजे विनापरवाना, कोरलड्रॉ सॉफ्टवेअर टाकून पैसे घेऊन काम करणंही मला मान्य नाही. परवाना परवडेपर्यंत इंकस्केप आणि स्क्रायबस ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. चित्र इंकस्केपमध्ये कर आणि सीएमवायके (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ स्क्रायबसमधून काढ. थोडे दिवस हात अडखळेल, मग बसेल.

प्रेसमध्ये केलेली कामं तू नमुने म्हणून दाखवतेस असं लिहिलंस. शेठला विचारलंस का? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. दाखवायला ते बहुधा हो म्हणतील, पण विचारायला हवं. बाहेरच्या कामाचं उलट आहे. तू स्वतंत्रपणे केलेल्या लोगोचे हक्क साधारणपणे तुझे असतात आणि गिऱ्हाइकाला ते लेखीच द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या सावदा-रावेरकडच्या केळी निर्यातदाराचं खोकं केलंस आणि त्याचा माल आखातात जात असेल, तर त्या दोन ओळी त्याच्या फार कामाच्या आहेत. ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी देत आहे’ एवढं कोटेशनखाली लिहून दोघांच्या सह्या घे.

आता पैसे. समजा तुझा पगार १८,००० आहे. २६ दिवस, रोज ९ तास, म्हणजे २३४ तास. तासाला ७७ रुपयांच्या आसपास पडतात. पण तिथे वीज, संगणक, सॉफ्टवेअर, गिऱ्हाईक आणणं आणि उधारी वसूल करणं हे सगळं शेठचं. घरी ते तुझ्यावर येतं, आणि फोनवर बोलण्यात जाणाऱ्या तासांचं बिल कोणी देत नाही. म्हणून या आकड्याच्या अडीच-तीन पटींखाली उतरू नकोस. पाऊचला २५ तास धरलेस तर रक्कम पाच हजारांच्या आसपास किंवा त्यापुढे जायला हवी. गिऱ्हाइकाला तासांचा हिशोब दाखवू नकोस, एकच आकडा सांग आणि त्यात काय येतं ते लिही: दोन पर्याय, दोन वेळा दुरुस्त्या, त्यापुढच्या दुरुस्त्यांचे वेगळे पैसे. निम्मी रक्कम आधी. नात्यातल्या माणसाकडून तर आधीच, कारण नंतर मागायला तुला जमणार नाही. घरातल्या मोठ्यांना हे आवडणार नाही, ‘आपल्याच माणसाकडून पैसे?’ असं म्हणतील. त्यांना सांग की ते त्यांची डाळ आपल्याला फुकट देत नाहीत आणि आपण मागतही नाही.

दालमिलच्या पाऊचबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझा हात ऑफसेटवर, म्हणजे प्लेटवरून कागदावर होणाऱ्या छपाईवर, बसलाय आणि हे काम ऑफसेटचं नाही. असे पाऊच बहुतेक ग्रॅव्ह्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, प्लास्टिकच्या फिल्मवर छापतात. प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि त्याचा खर्च प्लेटपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून रंग किती, हा तिथे पहिला प्रश्न. सहा रंगांचं काम पाचात बसवून दाखवलंस तर तुझ्या फीपेक्षा जास्त पैसे त्यांचे तिथेच वाचू शकतात. पारदर्शक फिल्मवर रंगांमागे पांढऱ्या शाईचा थर लागतो, आणि डाळ दिसण्यासाठी खिडकी ठेवायची असेल तर तो थर तेवढ्या जागी सोडावा लागतो. कडेला पॅकिंग मशीनच्या सेन्सरसाठी आय मार्क ही खूण हवी, सीलच्या पट्टीत मजकूर येता कामा नये. बारीक अक्षरं तीन-चार रंगांच्या पट्ट्यात पांढरी सोडू नकोस, रजिस्ट्रेशन (रंगांची एकमेकांवरची जुळणी) किंचित सरकलं की ती वाचता येत नाहीत. हे तर तुला ऑफसेटवरही रोज दिसतं. डिझाईन सुरू करण्याआधी पाऊच छापणाऱ्याकडून मापांचा आराखडा मागून घे, आपल्या अंदाजाने माप धरू नकोस.

आणि पाऊचवरचा मजकूर. लीगल मेट्रॉलॉजीचे (वजन-मापांच्या कायद्याचे) पॅकेज्ड कमॉडिटीज नियम, २०११ चे आहेत: निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, पॅकिंगची तारीख, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. वजनाचे आकडे किती उंच असावेत तेही त्यात ठरलेलं आहे. शिवाय एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह. हा सगळा मजकूर दालमिलवाल्यांकडून लेखी घे. तो बरोबर असणं त्यांची जबाबदारी, तो नीट वाचता येणं तुझी. बारकोड काळा ठेव, पांढऱ्यावर. लाल बारकोड अनेक स्कॅनरना दिसत नाही, कारण त्यांचा प्रकाशच लाल असतो. केळीच्या खोक्याचं काम आलं तर आणखी एक बघ: जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते खोक्यावर फक्त नोंदणीकृत वापरकर्त्याला टाकता येतं. गिऱ्हाईक तसं नोंदलेलं आहे का, ते विचारल्याशिवाय ते चिन्ह लावू नकोस.

हे सगळं विचारणारी मुलगी समोर बसली की ‘डिझाईनचे कसले पैसे’ हा प्रश्न येतच नाही, आणि आला तरी टिकत नाही. प्रेसमधली तुझी नोकरी तुला हेच देते. पुण्या-मुंबईचा एखादा डिझायनर पडद्यावर तुझ्याहून देखणं काम करेल, पण छापताना काय बिघडतं हे तू रोज डोळ्यांनी बघतेस.

मराठी अक्षरांकडे लक्ष दे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रेसमध्ये जुने फॉन्ट चालतात, ते युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणक-फोनवर सारखेच वाचता येणारे, नाहीत. त्यातला मजकूर गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर किंवा वेबसाइटवर टाकायला घेतला की अक्षरांचा कचरा होतो. बाहेरची कामं पहिल्यापासून युनिकोडमध्ये कर. मुक्ता आणि बालू हे ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहेत, व्यावसायिक कामाला बिनधास्त वापर. फक्त फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात का ते बघ. कित्येक फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात आणि भाषा मराठी निवडल्यावरच बदलतात. खानदेशातल्या माणसाच्या दुकानाची पाटी त्याच्या भाषेच्या वळणात असावी, याची काळजी आपण नाही घेतली तर कोण घेणार?

प्रूफ व्हॉट्सॲपवर दाखव, पण मंजुरी शब्दांत घे: ‘मजकूर तपासला, छपाईला द्या.’ नुसता अंगठा पुरेसा मानू नकोस. प्रेसमध्ये चूक झाली तर फेरछपाईचा खर्च शेठ सोसतात, बाहेर तो तुझ्या दारात येईल. फोटो मागवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग, नाहीतर दाबून बारीक झालेली चित्रं येतात. पूर्ण पैसे येईपर्यंत खुली (बदल करता येणारी) फाईल देऊ नकोस.

निवडणुकीची कामं सध्या घेऊच नकोस. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७ क प्रमाणे पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो, छापण्याआधी प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र लागतं, आणि ते नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गडबडीत यातलं काहीच पाळलं जात नाही आणि पैसेही अडकतात.

कामं किती घ्यायची, हे प्रेसच्या हंगामावर ठरव. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिका सुरू होतात, डिसेंबरात कॅलेंडर, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्ताआधी पुन्हा पत्रिकांची गर्दी, गणपतीआधी मंडळांची पावतीपुस्तकं. या दिवसांत शेठ थांबायला सांगणार आणि तू थांबलंच पाहिजेस. तेव्हा बाहेरचं नवीन काम घेऊ नकोस, गिऱ्हाइकाला पुढची तारीख दे. एका वेळी एकच काम. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याच्या खोलीत रात्री जागून काम होत नाही, त्यापेक्षा पहाटे गाडीच्या आधीचे दीड-दोन तास धर. गाडीत झोप काढ, स्केच काढत बसू नकोस. थकलेल्या डोळ्यांनी प्रेसमध्ये एखाद्या पत्रिकेवरची तारीख चुकली, तर शेठला दिलेला शब्द मोडल्यासारखंच आहे.

बाहेरच्या कामाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात घे आणि प्रत्येक कामाची पावती ठेव. विवरणपत्रात पगाराबरोबर हे उत्पन्नही दाखवावं लागतं, आणि त्याला नोकरदारांचा साधा फॉर्म चालत नाही. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीनंतर लागते, त्यामुळे आत्ता त्याची चिंता नको.

या आठवड्यात शेठशी बोल. संध्याकाळी मशीन थांबल्यावर बोल, गिऱ्हाईक समोर असताना नको. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि कोटेशनचा मसुदा पाठवण्याआधी मला दाखव, आकड्यासकट.

तुझा,
काका