ती पावती कुठे आहे?

"ताई, मी आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार. गेल्या वर्षी मदतनिधीच्या हिशेबात एक रक्कम जुळेना. निधी सांभाळणाऱ्या भगिनींवर संशय आला आणि पंचांच्या बैठकीत मीच तो बोलून दाखवला. त्यांनी काम सोडलं. (नंतर पावती माझ्याच बायबलमध्ये सापडली, पण ते असो.) मला टोचणी लागली. उपवास-प्रार्थनेच्या सभेत मी गुडघे टेकून म्हणालो, 'मी पापी माणूस आहे, माझ्याकडून कुणी दुखावलं गेलं असेल तर क्षमा करा.' पुष्कळांचे डोळे पाणावले. त्या मात्र उठून गेल्या. आजही बोलत नाहीत. क्षमा करणं ही ख्रिस्ती माणसाची जबाबदारी नाही का? त्यांना कसं समजावू?"

बंधू,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा त्या कंसापाशी अडखळले. सगळं पत्र त्या कंसात आहे. "पण ते असो" असं कसं लिहवलं तुम्हाला? एका बाईचं नाव त्या कागदावर अडकलंय आणि तो कागद तुम्ही पवित्र शास्त्राच्या पानांत मिटून ठेवलाय.

त्या सभेत काय घडलं ते त्यांच्या जागेवरून बघा. "मी पापी आहे" म्हणणं तुम्हाला जड गेलं नाही, कारण तिथे बसलेला प्रत्येकजण तेच म्हणतो. जड जाणारं वाक्य वेगळं होतं: "पावती माझ्याकडे होती, भगिनी निर्दोष आहेत." तेवढं राहिलं. सभा संपली तेव्हा तुम्ही लोकांच्या नजरेत आणखी नम्र झालात आणि त्या होत्या तिथेच राहिल्या, संशयात. वर "क्षमासुद्धा करत नाही" हा नवा ठपका. मीही उठून गेले असते.

बायबलमधलं १ शमुवेल १५ काढा. शत्रू अमालेक्यांचं सगळं नष्ट करायची देवाची आज्ञा असताना शौल राजानं चांगली मेंढरं राखली आणि संदेष्ट्या शमुवेलाला सांगितलं, मी आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानी पडतं ते मेंढरांचं ओरडणं कसलं? शौल लोकांवर ढकलतो. शेवटी कबूल करतो, पाप केलं; पण लगेच विनवतो की, माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. त्याचं पापकबुलीचं वाक्य खोटं होतं असं मला वाटत नाही. मान जाऊ नये ही धडपड मात्र त्याला सोडवली नाही. तुमची टोचणीही खरी आहे, देवानंच लावलेली आहे, म्हणून तर तुम्ही मला लिहिलंत. पण मेंढरं अजून ओरडताहेत.

त्यांनी क्षमा करावी का? करावी. त्याचा जाब प्रभू त्यांना विचारील. तुम्ही विचारायचा नाही. तुमच्यासाठीचं वचन मत्तय ५:२३-२४ आहे. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. प्रभू येशू हे गालीलात बोलत होता आणि वेदी होती यरुशलेमेत. म्हणजे काही दिवसांची चाल, तीही अर्पण घेऊन आलेल्यानं चालायची. तुम्हाला किती चालायचंय?

गणना ५:७ मध्ये नियम आहे: पाप कबूल करावं, मुद्दल पुरतं परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा आणि ज्याचं नुकसान केलं त्यालाच द्यावं. तुम्ही खजिनदार, हे तुम्हाला लवकर कळेल. इथे मुद्दल म्हणजे त्यांचं नाव. ते पंचांच्या बैठकीत गेलं, तिथेच परत यायला हवं.

तेव्हा उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी जा. एकटे जा, सोबत पाळकांना नेऊ नका. त्यांच्यासमोर भगिनींना मोकळेपणी रागावताही येणार नाही. पावती त्यांच्या हातात द्या आणि कुठे, कधी सापडली ते सांगा. "असेल तर" हे शब्द तोंडातून काढू नका. क्षमा मागा आणि उत्तरासाठी ताटकळत बसू नका. त्या दार लावून घेतील, तर तोही त्यांचा हक्क. मग पुढच्या बैठकीत हेच सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. राजीनामा देऊ नका, नाहीतर सगळे पुन्हा तुमचीच समजूत काढत बसतील. पद ठेवायचं की काढायचं, ते पंच ठरवतील.

पावती अजून बायबलमध्येच असेल, तर आज रात्री झोपण्याआधी काढून उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवा.

– तुमची ताई