पुस्तक आलं, मग घर रिकामं का वाटतं?

प्रश्न : ताई, डिसेंबरात माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. शाळा सांभाळून सात वर्षं लिहिली. प्रकाशनाला शाळेचा हॉल भरला होता, हेडसरांनी शाल घातली, बायकोनं पेढे वाटले. त्याला चार महिने झाले. एकही परीक्षण नाही. एका मासिकाच्या ‘साभार पोच’ यादीत, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव आलं, तेवढंच. स्टाफरूममध्ये ज्यांनी प्रत घेतली तेही काही बोलत नाहीत. दर आठ दिवसांनी मी प्रकाशकांना फोन करतो. इतकी वाट पाहिलेली गोष्ट मिळाल्यावर मला रात्री रडू का येतं? घरात सांगायची लाज वाटते.
– एक शिक्षक, जत

उत्तर : सर, आधी हे घरात सांगा. आजच सांगा. सात वर्षं तुमच्या लिहिण्याची वेळ ज्यांनी राखली, त्यांच्यापासून हे रडू लपवू नका. त्यांना ते बहुतेक ठाऊकही असेल.

मला विचाराल तर रडू येतं ते परीक्षण न आल्यामुळे नाही. सात वर्षं घरात राहिलेली माणसं निघून गेली म्हणून येतं. माझ्याकडे नऊ वर्षं एक गार्ड राहत होता. माझे वडील बार्शी लाइट रेल्वेवर गार्ड होते. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली आणि 1927 साली मिरजेपर्यंत पोचली. मी मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या गाडीच्या टपावर माणसं बसायची आणि वडील ती वारी संपेपर्यंत धड जेवायचे नाहीत. ते गेल्यावर मी त्यांच्यासारखा एक माणूस लिहायला घेतला. पहाटे साडेचार ते सहा, नळाला पाणी येईपर्यंत. मग डबे आणि कचेरी. नऊ वर्षं रोज पहाटे तो माणूस माझ्यासमोर बसून असायचा. 1998 साली पुस्तक आलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मला सवयीनं जाग आली. उठून बसले. करायला काही नव्हतं. त्या पहाटे मी वडिलांसाठी दुसऱ्यांदा रडले.

हे कुणी आधी सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

त्याआधीचे चढउतारही सांगते, कारण तुमच्या पत्रात ते एकदम गाळलेले दिसतात. हस्तलिखित फुलस्केपची 412 पानं होतं. दोन ठिकाणांहून ‘साभार परत’ आलं. तिसऱ्या ठिकाणी चौदा महिने पडून राहिलं आणि मग एके दिवशी कचेरीत फोन आला, की घेतो आहोत. मी फोन ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या शिपायाला सांगितलं. त्या आनंदासारखा आनंद मला पुन्हा मिळालेला नाही, पुढच्या चार पुस्तकांनाही नाही. आठवड्यानं पत्र आलं, साठ पानं कमी करा. महिनाभर मी त्या पत्राला हात लावला नाही. मग कमी केली. त्यातली चाळीस खरंच नको होती. वीस पानांचं दुःख अजून आहे. मग मुखपृष्ठ आलं. त्यावर मोठ्या रुळांवरचं डिझेल इंजिन! माझी गाडी नुसता हात लावून चढता येईल अशी, शेताच्या बांधावरून जाणारी. मी तीन दिवस पत्र लिहीत होते, फाडत होते. शेवटी वडिलांच्या ट्रंकेतला एक फोटो पाठवला. चित्र बदललं.

आणि मग प्रती आल्या. दहा लेखकप्रती, एसटीच्या पार्सलनं. गठ्ठ्याची सुतळी सोडली तेव्हा ओल्या डिंकाचा आणि शाईचा वास आला. मी मधूनच एक प्रत उघडली, पान 187. शेवटच्या रात्रीचा प्रसंग. गाडी थांबलेली, माझा गार्ड ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे त्याच्या डब्याच्या, पायरीवर बसलेला, आणि वाक्य होतं, ‘बत्ती विझली होती.’ छापलं होतं, ‘बत्ती विझवली होती.’ एक ‘व’ जास्त. तिसऱ्या प्रुफात मी लाल शाईनं तो काढलेला होता, ते प्रूफ अजून माझ्याकडे आहे. त्या एका अक्षरानं तो माणूस हरला असा अर्थ होत होता. माझा गार्ड हरलेला नव्हता. मी दहाच्या दहा प्रतींत तो ‘व’ खोडला, आणि उरलेल्या नऊशे नव्वद प्रती मला रात्रभर दिसत राहिल्या.

आता तुमच्या शांततेबद्दल. सर, चार महिने म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे कादंबरी बऱ्याच अंशी ग्रंथालयांतून वाचली जाते. 1967 च्या कायद्याखाली ग्रंथालयांना अनुदान मिळतं. त्याचा हप्ता आला की खरेदीची यादी होते, गठ्ठे येतात, दाखल नोंद होते, पाठीवर नंबर चढतो, कुठे कुठे आधी पुठ्ठ्याची बांधणी होते आणि मग पुस्तक कपाटात लागतं. तिथून ते एका माणसाच्या पिशवीत जातं आणि पंधरा दिवस तिथेच असतं. त्या माणसाला तुमचा पत्ता माहीत नसतो. वाचून झालं तरी तो तुम्हाला कसं सांगणार? परीक्षकाच्या टेबलावरही गठ्ठा असतो आणि बरीचशी परीक्षणं लिहिणारी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून, आपल्यासारखीच रात्री लिहितात.

स्टाफरूममधल्या लोकांवर राग धरू नका. ओळखीच्या माणसानं कादंबरी लिहिली की वाचणारा अवघडतो. वरवरचं बोललं तर खोटं वाटेल आणि मनातलं बोलायला स्टाफरूम ही जागा नाही. त्यांना विचारू मात्र नका. ‘वाचलंत का?’ हा प्रश्न मी पहिल्या वर्षी फार लोकांना विचारला. त्यातल्या दोन मैत्रिणी मला टाळू लागल्या, ते मला फार उशिरा कळलं.

आणि प्रकाशकांना दर आठवड्याला फोन नको. हिशेब वर्षातून एकदा येतो, तेव्हा तो नीट वाचा, शंका असली तर लेखी विचारा. माझा पहिला हिशेब सांगते. किंमत 120 रुपये, दहा टक्के रॉयल्टी, वर्षात 212 प्रती. चेक 2544 रुपयांचा. नऊ वर्षांचे एवढे का, हा हिशेब मी त्या दिवशी केला आणि तो करायला नको होता, एवढंच सांगते. नंतर त्या पैशांतून आईला चष्मा केला.

मला पहिलं खरं पत्र आलं ते तेरा महिन्यांनी. कुर्डुवाडीहून, पोस्टकार्ड. एका निवृत्त गार्डचं. त्यांनी लिहिलं होतं, की तीन रात्री बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, तिला लिहितावाचता येत नाही. आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात : ‘पान 187 वर बत्ती विझवली असे आहे. ड्यूटीवरचा गार्ड आपल्या हाताने बत्ती विझवणार नाही. वाऱ्याने विझली असणार. कळवावे.’

सर, मी ते कार्ड उभ्यानं वाचलं आणि तिथेच बसले. ज्या अक्षरासाठी मी तेरा महिने जळत होते, ते एका अनोळखी माणसानं आपल्या नोकरीच्या अनुभवावरून दुरुस्त करून पाठवलं होतं. म्हणजे छापलेल्या चुकीच्या आतूनही माझा माणूस त्यांना नीट दिसला होता. त्याच दिवशी उत्तर टाकलं, ‘वाऱ्यानेच विझली.’

तुमचं कार्ड कधी येईल ते मी सांगू शकत नाही. हल्ली ते कार्ड नसेल, मोबाइलवरचे दोन शब्द असतील. तोवर लिहिण्याची जी वेळ होती त्या वेळेला वही उघडून बसा. नवी कादंबरी नको इतक्यात. तुमच्या कादंबरीतल्या गावात पाऊस कसा यायचा एवढं लिहा. बसायची सवय मोडू देऊ नका. आणि झोप अगदीच उडाली, शाळेत लक्ष लागेनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. लेखक आहे म्हणून हे सहन केलंच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : माझं हस्तलिखित एका प्रकाशनाकडे अकरा महिने आहे, उत्तर नाही. दुसऱ्या एका ठिकाणी लगेच होकार मिळाला, पण साठ हजार मागतात, त्यात ‘आयएसबीएन शुल्क’ही धरलंय. वय 58. आता थांबायची भीती वाटते.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : पहिल्यांना आज पत्र टाका, की महिन्याभरात कळवलं नाही तर मी इतरत्र देते. त्यात उद्धटपणा काही नाही. त्या अकरा महिन्यांत दर वेळी फोन वाजला की काय होत असेल ते मला ठाऊक आहे. तो ताण तुम्हीच संपवायचा.

साठ हजारांबद्दल : आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्यानं बाकीचे आकडेही कसे लावले असतील ते बघा. पैसे देऊन पुस्तक काढणं पाप नाही. पण किती प्रती छापणार, किती फॉर्म म्हणजे किती पानं, कागद कुठला आणि विकणार कोण, हे लेखी घ्या. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलंत त्या क्षणापासून हक्क तुमचा आहे, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची जाहिरात निघते, त्यावर लक्ष ठेवा.

58 हे वय कादंबरीला उशिराचं नाही. तुमच्याकडे सांगायला जे आहे ते तिशीत नव्हतं.

प्रश्न : माझ्या कादंबरीतली ‘नर्मदा’ म्हणजे आपणच, असं माझ्या आत्याला वाटतं. ती थोडीफार तिच्यावरूनच आहे. आत्यानं पुस्तक परत पाठवलं, चार ठिकाणी पेन्सिलीनं खुणा करून, आणि बोलणं बंद केलं. कादंबरी काल्पनिक असते हे तिला कसं पटवू?
– एक वाचक, कराड

उत्तर : पटवू नका. आत्या काही खोटं समजलेल्या नाहीत. तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, ‘थोडीफार तिच्यावरूनच’. मग त्यांच्यासमोर काल्पनिक म्हणाल तर त्यांना दुसऱ्यांदा लागेल.

माझी आई पुस्तक वाचून महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मला वाटलं, वडिलांचं दारूचं प्रकरण लिहिलं म्हणून. अनेक दिवस मी मनात तिच्याशी भांडले, माझी सगळी उत्तरं तयार होती. शेवटी विचारलं तेव्हा कळलं, दारूबद्दल तिचं काहीच म्हणणं नव्हतं. ‘ते होतंच,’ म्हणाली. तिला लागलं होतं ते एक वाक्य. लांबच्या ड्यूटीला जाताना डब्यात शिळी भाकरी होती, असं मी लिहिलं होतं. गरिबी दाखवायला घातलेलं वाक्य. आई म्हणाली, ‘मी त्यांना कधी शिळं बांधून दिलं नाही. रात्री दोनला उठून चूल पेटवलीय.’

रात्री दोनला पेटलेली चूल माझ्या कादंबरीत नव्हती, कारण त्या वेळी मी झोपलेली असायचे.

दुसरी आवृत्ती यायला आठ वर्षं लागली. बत्तीचा ‘व’ काढला आणि शिळ्या भाकरीच्या जागी ती चूल घातली. आई तोवर होती. ते पान मी तिला वाचून दाखवलं. तिनं चष्मा मागितला आणि स्वतः पुन्हा वाचलं.

तुम्हाला तुमचं वाक्य बदलावंसं वाटेल की नाही, ते आत्यांचं ऐकल्यावर ठरवा. न बदलण्याचा हक्कही तुमचा आहे. नर्मदेचं जे दुःख तुम्ही ओळखलंत ते कदाचित आत्यांनी कधी कुणाला सांगितलेलंच नसेल, आणि आता गावानं ते वाचलं आहे, हे मात्र जाताना लक्षात असू द्या. फोनवर बोलू नका. कराडहून निघा, दुपारच्या जेवणानंतर त्या मोकळ्या असतील अशा वेळी पोचा. ती खुणा केलेली प्रत बरोबर न्या. पहिली खूण उघडा आणि इथे काय झालं होतं, ते विचारा.